शिवणाची खोली आणि गोधडीचें कापड

शिवणाच्या खोलीवर लेख लिहावयाचा म्हणजे त्यांत अभ्यासण्यासारखें तें काय, असें आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस वाटेल. कपाट असावें, त्यांत कापड भरावें आणि कुलूप लावावें, इतकेंच ना? आम्हीही पुष्कळ वर्षें असेंच समजत होतों. तो समज कसा गेला तें प्रथम सांगतों; कारण चूक आमचीच होती.

२०१९ सालच्या जून महिन्यांत इयत्ता नववींतील एका मुलीनें आपल्या आजीचीं दोन नऊवारी सुती लुगडीं शिवणवर्गांत आणून दिलीं. आजी त्याच उन्हाळ्यांत वारली होती. "बाई, ताईला बाळ होणार आहे. त्याच्यासाठीं यांची गोधडी करूं या, आई म्हणाली, शाळेंत नीट होईल," असें ती म्हणाली. लुगडीं स्वच्छ धुतलेलीं होतीं, पण खळ तशीच कडक होती. आम्हीं तीं वर्गाच्या पत्र्याच्या पेटींत तळाशीं ठेविलीं, वर इतर चिंध्या दाबल्या, चार डांबरगोळ्या टाकल्या आणि निश्चिंत झालों. पेटी थेट फरशीवर, बाहेरच्या भिंतीस टेकलेली होती. पहिलें सत्र परीक्षांत निघून गेलें. दिवाळीच्या सुटीनंतर पेटी उघडली, तों कुबट वास आला. एका लुगड्यावर गंजाचे तांबूस डाग पडून तेथें बोट लावतांच कापड फाटत होतें. दुसरें कसरीनें ठिकठिकाणीं खाल्लें होतें. त्या मुलीस काय सांगावें हें आम्हांस सुचेना. तीही कांहीं बोलली नाहीं. तिनें एक घडी उचलून नाकाशीं नेली आणि परत ठेविली.

डांबरगोळ्या असूनही असें कां झालें, याचा शोध आम्हीं मग केला. कापडाचे किडे सर्व एकाच जातीचे नसतात. पतंगाच्या ज्या अळ्या लोंकरीस व रेशमास भोकें पाडतात, त्यांस प्राणिज तंतु हवा असतो. स्वच्छ सुती कापडाकडे त्या सहसा वळत नाहींत. कसरीची आवड निराळी. तिला पिष्ट पदार्थ प्रिय. पुस्तकांच्या बांधणींतील चिकी ती खाते, तशीच लुगड्याची खळही खाते, आणि खळीबरोबर सूतही कुरतडले जातें. म्हणजे खळ न काढतां लुगडें पेटींत ठेवणें म्हणजे कसरीचें ताट वाढून ठेवणें होय! साठवावयाचें कापड कोमट पाण्यांत भिजत घालावें, दोनतीन पाण्यांतून काढावें, खळ व नीळ यांपैकीं कांहीं न घालतां पूर्ण वाळवावें. खळ हवीच असेल तर ती वापरण्याच्या आदल्या दिवशीं घालतां येते.

डांबरगोळ्यांविषयीं आणखी एक गोष्ट पालकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. या गोळ्या हवेंत हळूहळू उडून जातात व त्यांची वाफ हवेपेक्षां जड असते. म्हणून त्या वापरावयाच्याच तर कापडाच्या वरच्या बाजूस ठेवाव्या लागतात, आणि पेटी घट्ट बंद होत नसेल तर त्यांचा उपयोग फारसा होत नाहीं. परंतु मुख्य मुद्दा पुढेंच आहे. नॅफ्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे वा पांघरुणें न धुतां लहान बाळांस घातल्यामुळें, कांहीं बाळांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटून त्यांस तीव्र कावीळ झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलेलीं आहेत. रक्तांतील एका विशिष्ट द्रव्याची जन्मजात उणीव ज्या बाळांस असते त्यांस हा धोका विशेष. आणि ती उणीव आपल्या बाळास आहे कीं नाहीं हें बहुतेक आईबापांस ठाऊक नसतें. ज्या गोधडीसाठीं तीं लुगडीं आलीं होतीं ती बाळाचीच होती, हें आठवलें म्हणजे आम्हांस अजून बरें वाटत नाहीं. बाळाचीं दुपटीं, टोपडीं व गोधड्या यांजवळ डांबरगोळी कधींही ठेवूं नये. सावलींत वाळविलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पातळ फडक्याच्या पुरचुंडींत बांधून ठेवावे. त्यांनीं किडे मरत नाहींत, केवळ दूर राहतात. म्हणून वास गेला कीं पुरचुंडी बदलावी, आणि खरा भरंवसा स्वच्छतेवर व कोरडेपणावरच ठेवावा.

कोरडेपणा ही गोष्ट आपल्याकडील पावसाळ्यांत सोपी नाहीं. सूत हवेंतील ओल सहज शोषून घेतें. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिली म्हणजे बुरशी धरूं लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीच स्थिति असते. म्हणून पेटी विटांवर किंवा लांकडी फळीवर उचलून ठेवावी, आणि पेटी व भिंत यांमध्यें चार बोटें अंतर असावें. पत्र्याचा रंग उडाला असेल तर आंतून धुतलेल्या मांजरपाटाचें अस्तर घालावें. वर्तमानपत्र घालूं नये. त्याची शाई लागते आणि त्यांतील आम्लानें कापड पिंवळें पडतें. प्लास्टिकच्या पिशव्यांत ओल कोंडली जाते, म्हणून त्याही नकोत. उशीचे जुने अभ्रे ही कापड ठेवण्याची सर्वांत स्वस्त व उत्तम पिशवी आहे. पावसापूर्वीं वैशाखांत सर्व कापड बाहेर काढावें. पांढऱ्यास ऊन द्यावें, रंगीतास सावलींतील वारा द्यावा, कारण उन्हानें रंग विटतो. घडी दर सहा महिन्यांनीं मोडून निराळ्या रेषेवर घालावी, नाहींतर घडीवरच कापड चिरतें.

आतां निवड. आमच्या वर्गांत पूर्वीं चिंध्या रंगावरून लावीत असत. दिसावयास तें सुंदर, पण गोधडीच्या दृष्टीनें अपुरें. नव्या जाड कापडाशेजारीं झिजलेलें पातळ कापड जोडलें तर धुतांना नवें ओढतें आणि जुनें फाटतें. म्हणून प्रथम तंतु, मग जाडी व झीज, आणि शेवटीं रंग. नऊ वार म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर लांबीच्या लुगड्यांत सर्व भाग सारखे झिजत नाहींत. बसण्याच्या जागीं तें विरतें, पण काठ व पदर टिकून राहतात. काठ निराळे कापून गुंडाळून ठेवावे. गोधडीच्या कडेस त्यांसारखी दुसरी वस्तु नाहीं. तंतु ओळखतां येत नसेल तर एक दोरा काढून चिमट्यांत धरावा व वडील माणसाच्या देखत, पाण्याच्या थाळीवर पेटवून पाहावा. सूत कागदासारखें जळतें व मऊ राख उरते. रेशीम व लोंकर यांस जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो. अलीकडे घरोघर मिळणाऱ्या जुन्या साड्या बहुधा या शेवटच्या जातीच्या असतात. त्या घाम शोषीत नाहींत, म्हणून बाळाच्या गोधडींत त्या घालूं नयेत. बाजाराच्या पिशव्यांस त्या छान होतात.

लाल व गर्द निळें कापड प्रथम निराळें धुवावें. नवें सुती कापडही धुतल्यावांचून कापूं नये, तें आटतें.

सुयांविषयीं मुलींचा नेहमीं घोटाळा होतो. हातशिलाईच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. यंत्राच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती जाड. म्हणून दोन्ही एका डबींत ठेवूं नयेत. तशा त्या ओळखतांही येतात: यंत्राच्या सुईचें नेढें टोंकाशीं असतें. अमेरिकेंत इलायस हौ यानें १८४६ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत अशीच सुई होती. टांचण्या कापडांत टोंचून ठेवण्याची खोड मोडावी. पावसाळ्यांत प्रत्येक टांचणी एक गंजाचा डाग ठेवून जाते. पांढऱ्या सुतावरील ताजा डाग लिंबू व मीठ चोळून फिका होतो, पण नंतर तें भरपूर पाण्यानें धुवून काढावें. रिळें उन्हांत ठेवूं नयेत. जुना दोरा दोन हातांनीं ओढून पाहावा, सहज तुटला तर तो टांके घालण्याच्या लायकीचा नाहीं. आणि कापडाच्या कात्रीनें कागद कापूं नये! नाताळांत चांदण्या करावयास ती कोण नेतो हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे.

खोलीची मांडणी थोडक्यांत सांगतों. उजव्या हातानें शिवणारीच्या डाव्या बाजूनें उजेड यावा, डावरीच्या उजव्या. कापण्याचें मेज कमरेइतकें उंच असावें, वांकून कापल्यानें पाठ दुखते. बटणें काचेच्या बरण्यांत ठेवावीं, कारण दिसत नाहीं तें कोणी वापरीत नाहीं.

त्या दोन लुगड्यांचें पुढें काय झालें? गंजलेला व खाल्लेला भाग कापून टाकला. दोन्ही पदर, बहुतेक काठ आणि मधले कांहीं हात कापड शाबूत निघालें. मुलीनें स्वतः तें तीन वेळां धुतलें. मोठी गोधडी होणार नव्हती; बाळाच्या मापाची, तीन फूट लांब व अडीच फूट रुंद अशी ठरली. कडेपासून आंत फिरत जाणारा धांवदोरा घातला. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांस कापडाच्या घड्यांचे लहान त्रिकोण लावतात व त्यांस फुलें म्हणतात, हें वर्गांत सांगितलें होतें. तिनें काठाच्या उरलेल्या तुकड्यांचीं तशीं चार फुलें केलीं. २०२० सालच्या फेब्रुवारींत गोधडी घरीं गेली. बाळ तेव्हां तीन महिन्यांचें होतें.

त्याच वर्षीं आम्हीं खोलींत एक वही सुरू केली. कापड कोणाचें, केव्हां आलें, कशाचें आहे, खळ काढली कीं नाहीं, पुन्हां केव्हां उघडून पाहावयाचें, असे पांच रकाने तींत आहेत. पहिली नोंद त्या दोन लुगड्यांची असून, तिच्या चवथ्या रकान्यांत 'नाहीं' असें आमच्याच अक्षरांत लिहिलेलें आहे.