हाराचा दोरा

आमच्या गावच्या देवळासमोर फुलांचे एक छोटे दुकान आहे. नवरा-बायको दोघे मिळून ते चालवतात. नवरा पहाटे बाजारातून झेंडू, शेवंती, गुलाब आणतो. बायको हार गुंफते. आम्ही जाता-येता तिथे घटकाभर टेकतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांची गाय गेली. दुभती गाय. चार दिवस तिने वैरणीला तोंड लावले नाही. रवंथ बंद झाला. पोट ढोलासारखं फुगलं. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि नायलॉनचा दोरा यांचा घट्ट गोळा होता. गाय वाचली नाही.

"दादा, तो दोरा आमच्याच हारांचा," वहिनी आम्हाला म्हणाल्या. "शिळे हार मीच उकिरड्यावर टाकत होते. गाय फुलं खायला गेली. दोरा बाजूला काढून फुलं खाणार आहे का ती?"

वहिनी म्हणाल्या ते खरेच आहे. फूल कुजते, मातीत मिळते. नायलॉन तसे कुजत नाही. गाईच्या पोटात ते पचत नाही, तिथेच साठत जाते. मग चाऱ्याला जागाच उरत नाही. हारातली तार आणि टाचणी तर त्याहून वाईट. गाय घास नीट न चावता गिळते. तार पोटातून टोचत टोचत काळजापर्यंत जाऊ शकते.

आता त्या दुकानात हार सुती दोऱ्यात होतात. सुती दोरा कधी कधी तुटतो, म्हणून दुहेरी घ्यावा लागतो. खर्च थोडा वाढतो, हे खोटे कशाला सांगा? पण केळीचे सोपट फुकट मिळते. ते वाळवायचे, बारीक फाडायचे, आणि गुंफण्याआधी पाण्यात भिजवायचे. कोकणात आणि गोव्यात बायका अबोलीचे वळेसर असेच करतात. काही नवे नाही ते.

पुडी बांधायला त्यांनी पुन्हा पळसाची आणि केळीची पाने घेतली. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलांना घाम सुटतो आणि ती लवकर सडतात. पानात ती थंड राहतात. शिवाय कायदाही आहे. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला 5000 रुपये दंड ठेवला. सजावटीच्या थर्माकोलवर तर 1 जुलै 2022 पासून साऱ्या देशात बंदी आहे.

लग्नसराईत फुलदाण्या सजवायची कामे येतात. शहरातले लोक त्यासाठी हिरवा स्पंज वापरतात. तोही एक प्लॅस्टिकच. त्याचा भुगा होतो, पण माती होत नाही. दादा मडक्यात पाणी भरतात आणि तोंडावर तारेची जाळी बसवतात. देठ ताठ उभे राहतात. तीच जाळी पुढच्या लग्नाला चालते.

फुले उरली की पैसा गेला. म्हणून ती टिकवायला हवीत. देठ तिरका कापावा. बादली रोज घासावी, पाणी बदलावे. टोपली सावलीत ठेवून वर ओले गोणपाट टाकावे. पिकलेली केळी किंवा आंबे फुलांजवळ ठेवू नयेत. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने फुले लवकर कोमेजतात.

तरीही दसऱ्याला झेंडू उरतोच. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारत नाही. पूर्वी दादा तो नदीत सोडत. पुण्य वाटायचे! पण ढिगाने फुले कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आता दुकानामागे एक खड्डा आहे. फुलांचा एक थर, सुक्या पाल्याचा एक थर, वर शेणकाला. ओल ठेवायची, अधूनमधून खालीवर करायचे. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. ते त्यांच्याच शेवंतीच्या वाफ्यात जाते.

वहिनींनी दुकानापुढे एक मोठी टोपली ठेवली आहे. जुने हार लोकांनी त्यात आणून टाकायचे. पहिल्या दिवशी त्यात फुलांबरोबर उदबत्तीचे पुडे, नारळाच्या शेंड्या आणि एक फुटकी तसबीर निघाली. वहिनी हसल्या. मग कात्री घेऊन बसल्या, आणि एकेका हाराचा दोरा कापून वेगळा काढू लागल्या.