खेचराच्या झऱ्याचे गाव

मुलांनो, मुंबईला एक बहीण आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ती दूर जर्मनी देशात आहे. तिचे नाव स्टुटगार्ट. १९६८ साली मुंबई आणि स्टुटगार्ट या दोन शहरांनी एकमेकांशी मैत्रीचे नाते जोडले. अशा शहरांना भगिनी-शहरे म्हणतात.

स्टुटगार्ट आज मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याचे नाव पडले ते घोड्यांवरून. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी तिथे घोड्यांची पैदास होत असे. घोडींची बाग, असा त्या नावाचा मूळ अर्थ. या घोड्यांच्या गावाहून आज आपण एका खेचराच्या गावाला जाणार आहोत. तिथे एक जुना मठ आहे.

समजा, तुमची मावशी स्टुटगार्टला राहते आणि सुटीत तुम्ही तिच्याकडे गेला आहात. परदेशातली सहल म्हणजे पैशांचा चुराडा, असे तुम्हांला वाटत असेल. मावशी मात्र म्हणेल, "आधी पाच जण जमव, मग खर्चाचे बघू."

पाचच का बरे? स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्याचे नाव बाडेन-व्युर्टेंबर्ग. तिथे राज्यभर चालणारे एक दिवसाचे रेल्वे-तिकीट मिळते. ते एकट्याने काढले, तर महाग पडते. पण त्याच तिकिटावर थोडे थोडे जास्त पैसे भरून आणखी चार जण जाऊ शकतात. मग एकूण रक्कम पाचांत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच पैसे येतात. सहावा आला, की दुसरे तिकीट काढावे लागते! या तिकिटाच्या अटी मात्र नीट पाळायच्या. भरधाव जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच ते सुरू होते. शनिवारी-रविवारी नऊची अट नसते.

रविवारी निघालात, तर डबा विसरू नका. जर्मनीत रविवारी बहुतेक सगळी दुकाने बंद असतात. पोळीभाजी आणि पाण्याची बाटली बरोबर असली, की काळजी नाही.

गाडी सुटली. शहर मागे पडले. बीटिगहाइम हे गाव गेले, की खिडकीशी बसा. एन्त्स नदीच्या खोऱ्यावरून एक उंच पूल जातो. त्याच्या दगडी कमानी गाडीतून नीट दिसत नाहीत, पण खाली पाहिले म्हणजे उंची कळते. हा पूल १८५३ साली पुरा झाला. त्याच वर्षी आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, या पुलाचा काही भाग उडवून देण्यात आला. तो पुढे पुन्हा बांधला.

म्यूलाकर स्टेशनवर उतरून बस धरायची. बसच्या वेळा आधीच पाहून ठेवा. बस चुकली, तर थांब्यावर बसून डबा तिथेच संपवाल!

बस माउलब्रॉनला पोहोचते. हेच ते खेचराचे गाव. जर्मन भाषेत 'माउलटीअर' म्हणजे खेचर आणि 'ब्रॉन' म्हणजे झरा. गोष्ट अशी सांगतात, की काही ख्रिस्ती साधू मठासाठी जागा शोधत फिरत होते. त्यांच्याबरोबर एक खेचर होते. चालता चालता ते एका ठिकाणी थांबले आणि त्याने खूर आपटला. तिथून पाण्याचा झरा फुटला. साधू म्हणाले, "हीच आपली जागा!"

ही झाली दंतकथा. खरी हकीगतही काही कमी गमतीची नाही. या साधूंनी आधी जवळच दुसऱ्या एका जागी मठ उभारायला घेतला होता. ती जागा सोयीची निघाली नाही. म्हणून ते ११४७ साली या दरीत आले. इथे पाणी होते. सिस्टर्शियन पंथाचे हे साधू गावापासून दूर, शांत दरीत राहत. ते फार थोडे बोलत. आपले अन्न आपण पिकवायचे, असा त्यांचा नियम होता. पाण्याशिवाय हे कसे जमणार?

मग त्यांनी काय केले? दरीत बांध घालून तळी केली. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पाणी जावे, म्हणून पाट खोदले. पाण्याच्या जोरावर गिरणी फिरवली. नियमाप्रमाणे त्यांना मांस खाण्याची मनाई होती, पण मासे चालत. तेव्हा तळ्यांत मासे पाळले. उरलेले पाणी गटारांतून सोडून घाण वाहून नेली. १९९३ साली युनेस्को या जागतिक संस्थेने हा मठ जागतिक वारसा म्हणून निवडला. तेव्हा सुंदर इमारतींबरोबरच या पाण्याच्या सोयीचीही वाखाणणी झाली. त्या तळ्यांपैकी एका तळ्यात आज मुले पोहतात.

आता वेशीतून आत जाऊ. मोठे अंगण आहे. भोवती गिरणी, लोहारकाम, कोठार यांच्या जुन्या इमारती आहेत. अंगणात फिरायला पैसे पडत नाहीत. मठाच्या आतल्या भागासाठी तिकीट काढावे लागते.

आत चौकोनी बाग आणि तिच्या भोवती कमानींची ओसरी आहे. एका बाजूला कारंजे आहे. जेवायला जाण्याआधी साधू इथे हात धूत. तुम्हीही शाळेत डबा खाण्याआधी हात धुता ना? कारंज्यासमोरच उंच छताची भोजनशाळा आहे. पण तिथे सगळेच जेवत नसत. मठात दोन प्रकारचे लोक होते. काही जण पोथ्या वाचत आणि प्रार्थना म्हणत. दुसरे शेत नांगरत, गुरे राखत, दगड वाहत. या कष्ट करणाऱ्यांची भोजनशाळा वेगळी होती. प्रार्थनेच्या वेळीही दोघांच्या मध्ये दगडी भिंत असे. ती भिंत आजही देवळात उभी आहे. ज्यांनी धान्य पिकवले, त्यांनी वेगळे का बसावे? ती भिंत पाहून हा प्रश्न माझ्या मनात येतो. तुमच्याही येईल.

जर्मनीतला हिवाळा फार कडक असतो. तरी साधूंना ऊब घेण्यासाठी एकच खोली होती. तिच्याखाली तळघरात विस्तव पेटवत आणि जमिनीतल्या भोकांतून गरम हवा वर येई. ती भोके नक्की शोधा.

पुढे धर्मात मोठे बदल झाले आणि साधूंचे दिवस संपले. जर्मनीतले कितीतरी मठ असे ओस पडले. याच भागातला हिरसाउचा मोठा मठ १६९२ साली युद्धात जळाला. त्याच्या भिंती आणि बुरूज तेवढे उरले. माउलब्रॉनचा मठ कसा टिकला? त्याला मुलांनी टिकवले, असे म्हटले तरी चालेल. १५५६ साली तिथल्या ड्यूक ख्रिस्तोफ या राजाने मठात शाळा काढली. परीक्षा घेऊन हुशार मुले निवडत. गरिबाच्या मुलालाही तिथे फुकट राहता येई, शिकता येई. वर्ग भरू लागले. मुले राहणार, म्हणून छपरे दुरुस्त होत राहिली. राहते घर पडत नाही, हे आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसालाही ठाऊक असते.

१५८६ साली या शाळेत चौदा वर्षांचा एक मुलगा आला. घरची परिस्थिती बेताची होती. त्याचे नाव योहानेस केप्लर. ग्रह सूर्याभोवती गोल नव्हे, तर लंबगोल वाटेने फिरतात, हे पुढे यानेच दाखवून दिले.

स्टुटगार्टला जन्मलेला हेर्मान गुंडर्ट हाही इथलाच विद्यार्थी. तो १८३६ साली भारतात आला, केरळात राहिला आणि मल्याळम भाषा शिकला. त्याने केलेला मल्याळम-इंग्रजी शब्दकोश १८७२ साली निघाला. त्याची मुलगी केरळातच जन्मली. तिचा मुलगा हेर्मान हेस. हाही चौदाव्या वर्षी, १८९१ साली, माउलब्रॉनला शिकायला आला. पण आजोबांची शाळा नातवाला मानवली नाही. कडक शिस्तीला कंटाळून तो मार्च महिन्याच्या थंडीत पळून गेला आणि रात्रभर उघड्यावर राहिला. दुसऱ्या दिवशी सापडला. हाच मुलगा मोठेपणी थोर लेखक झाला. १९४६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

ही शाळा अजून चालू आहे. आता मुलगे आणि मुली दोघेही तिथे राहून शिकतात. म्हणून काही दारे पाहुण्यांना बंद असतात. तिथे डोकावू नका. आपल्या वर्गात कोणी खिडकीतून डोकावले, तर आपल्याला कसे वाटेल?

जाता जाता एक खाऊ. मैद्याच्या पारीत सारण भरून केलेला 'माउलटाश' हा पदार्थ इथे सगळीकडे मिळतो. आपल्या करंजीचा हा चौकोनी, तिखटमिठाचा भाऊ. लोक गमतीने सांगतात, की उपवासाच्या दिवसांत एका साधूच्या हाती मांसाचा तुकडा आला. तो देवाला दिसू नये, म्हणून त्याने पारीत लपवला! भाजीचे सारण भरलेले माउलटाशही मिळतात. दोघांत मिळून एक ताटली घेतली, तर पैसे वाचतात.

संध्याकाळी परतीच्या बसची वेळ सांभाळा. पाचही जण आहेत ना, हे मोजा. तिकीट एकच आहे. एक जण मागे राहिला, तर त्याला वेगळे काढावे लागेल.

एवढ्या लांब जायला मिळाले नाही, तरी अशी सहल तुम्हांला करता येईल. मुंबईत बोरिवलीजवळच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे बौद्ध भिक्खू राहत. माउलब्रॉनच्या मठापेक्षा ही लेणी हजार वर्षांहून जुनी आहेत. तीही कुठे बांधली? नव्हे, कोरली? एका ओढ्याच्या काठी. शंभरावर लेणी आहेत आणि पावसाचे पाणी साठवायला जागोजागी खडकात टाकी खोदली आहेत. तिथे गेलात, तर मूर्तींपाशीच थांबू नका. लेण्याच्या दाराजवळचे टाके शोधा. मग वर खडकाकडे पाहा आणि पाणी त्या टाक्यात कोणत्या पन्हळीने येत असेल, ते बोटाने दाखवा.