चिनी आरमार माघारी का फिरले?

प्रश्न : वास्को द गामाच्या आधीच चिनी आरमार कालिकतला येऊन गेले होते म्हणतात. मग चीनने समुद्रावर सत्ता का गाजवली नाही? चिनी लोक शांतताप्रिय होते म्हणून?

उत्तर : आरमार आले होते, हे खरे. १४०५ ते १४३३ या काळात मिंग दरबारातील झेंग हे याने सात सफरी केल्या. पहिल्याच सफरीत त्याच्याबरोबर सुमारे २७ हजार माणसे होती. गामा १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला तो अवघी चार जहाजे घेऊन.

शांतताप्रियतेचे कारण मात्र पटत नाही. याच झेंग हे याने श्रीलंकेत लढाई करून तिथल्या राजाला कैद करून चीनला नेले होते. खरे कारण दरबारात आहे. योंगल बादशहाने पुतण्याकडून गादी बळकावली होती. देशोदेशींचे वकील आपल्यापुढे झुकताना प्रजेने पाहावे, ही त्याची निकड होती. १४१४ मध्ये बंगालहून जिराफ आला, तेव्हा दरबाऱ्यांनी तो पुराणातला शुभ प्राणी असल्याचे सांगून बादशहाचे गुण गायिले. व्यापार होई, पण नजराण्यांपेक्षा परतभेटी भारी असत. योंगल १४२४ मध्ये वारला, उत्तरेकडे मंगोलांची धास्ती होतीच, आणि हा खर्च अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. १४३३ नंतर सरकारी सफरी बंद झाल्या. खासगी चिनी व्यापारी मात्र बंदी असूनही समुद्रावर जातच राहिले.

पोर्तुगीजांची गोष्ट उलटी. मिरी त्यांना अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून, अनेक पटींनी महाग मिळे. ती थेट मिळवायची आणि मुसलमानांविरुद्ध ख्रिस्ती मित्र शोधायचे, असे दोन्ही हेतू एकत्र होते. कालिकतच्या राजासाठी, म्हणजे सामुद्रीसाठी, गामाने काढलेला नजराणा पाहा : पट्ट्यापट्ट्यांचे कापड, सहा टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल, मध. सामुद्रीचे कारभारी तो पाहून हसले. देण्यासारखे काही नसलेल्यांनी मग तोफा पुढे केल्या आणि जहाजांना परवाने घ्यायला लावले.

माझ्या मते फरक स्वभावाचा नाही, गरजेचा आहे. चीनच्या सफरींवर दरबाराचे पोट अवलंबून नव्हते, म्हणून एका हुकमाने त्या थांबल्या. पोर्तुगालच्या राजाची तिजोरी मिरीवरच भरू लागली. १५१० मध्ये घेतलेला गोवा त्यांनी १९६१ पर्यंत सोडला नाही.