थंडींत जुन्या मोटारसायकलीचें इंजिन : तापविणें व ठेवणें

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांच्या टापूंत पौषांतली पहांट किती बोचरी असते हें तेथील बागाइतदारांस सांगावयास नको. कांहीं वर्षीं निफाडास पारा ५ अंशांच्याही खालीं गेलेला आहे. अशा रात्रीं वेलींस ऊब मिळावी म्हणून आपण बागेंत शेकोट्या पेटवितों, पहांटे पाणी देतों. परंतु पडवींत उभी असलेली जुनी बुलेट मात्र गार अंगानेंच किक मारून सुरू करतों, आणि लागलीच मूठ पिळून तिला गर्जावयास लावतों. इंजिनाची झीज केवळ मैल तोडल्यानें होत नाहीं. थंड असतां घाई केल्यानें व ओल राहूं दिल्यानें होणारें नुकसान त्याहून कमी नसतें. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतों. आमच्या घरीं १९७८ सालीं घेतलेली, बिडाच्या सिलिंडरची बुलेट आहे. दुसरें वाहन आल्यावर एका हिवाळ्यांत ती गोठ्याशेजारच्या खोलींत उभी राहिली. यंत्र चालतें रहावें म्हणून आम्ही दर रविवारीं ती जागच्या जागीं पांच मिनिटें चालवून बंद करीत असूं. गुढीपाडव्यास तेल काढलें तों तें ताकासारखें पांढुरकें झालेलें. सिलिंडर उघडला तों आंत गंजाचे डाग. तो कांतून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला. कांतलेलें बीड परत येत नाहीं, आणि एकच सिलिंडर पुनःपुन्हां कांततां येत नाहीं. हें नुकसान निष्काळजीपणानें नव्हे, तर अज्ञानाच्या काळजीनें झालें. म्हणून त्याचें कारण नीट समजून घेणें अवश्य आहे.

एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें. त्यांतील बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जातें. परंतु थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खालीं तेलाच्या कोठींत उतरते. इंजिन पुरतें तापलेलें असल्यास ती हवा सोडण्याच्या नळीनें बाहेर पडते. इंजिन गार असल्यास मात्र, भाताच्या झांकणावर पाणी जमावें तशी ती आंतील गार लोखंडावर जमते आणि तेलांत मिसळते. जागच्या जागीं पांच मिनिटें चालविण्यानें पाणी तयार होतें, परंतु तें घालविण्याइतकी उष्णता तेलास मिळत नाहीं. अर्धवट तापविणें हें मुळींच न तापविण्यापेक्षां वाईट, तें यामुळेंच.

दुसरी गोष्ट धातूंची. या इंजिनाचा पिस्टन ॲल्युमिनियमचा व सिलिंडर बिडाचा असतो. ॲल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. शिवाय आगीची झळ पिस्टनला आधीं लागते. थंड इंजिन एकदम जोरानें फिरविल्यास पिस्टन फुगतो, सिलिंडर मागें राहतो, आणि मधली फट नाहींशी होऊन पिस्टन धरला जातो. त्यांतच गार तेल घट्ट असल्यानें वरच्या रॉकरांपर्यंत पोंचण्यास त्याला विलंब लागतो.

म्हणून थंड सकाळीं पुढील क्रम पाळावा. चावी बंद ठेवून क्लच दाबावा व दोनतीन वेळां किक मारावी, म्हणजे तेलानें चिकटलेल्या क्लचच्या प्लेटा सुटतात. नंतर क्लच सोडून, डिकॉम्प्रेसर उचलून, पांचसहा वेळां किक फिरवावी. त्यानें आंत तेल पसरतें. मग पेट्रोलचा कॉक उघडून चोक द्यावा, चावी लावावी व एक पुरी किक मारावी. इंजिन लागतांच मूठ पिळूं नये. तें मंद गतीहून किंचित् चढें, एखादें मिनिट चालूं द्यावें, चोक काढावा आणि निघावें. पहिले तीनचार किलोमीटर अर्ध्याहून अधिक मूठ देऊं नये. इंजिन चालींतच सारखें तापतें. उभ्या गाडीस वारा नसल्यानें डोकें तापतें व तेल गारच राहतें. बंद खोलींत इंजिन चालवूं नये, कारण तो धूर विषारी असतो. आणि ऊब देण्यासाठीं जवळ शेगडी तर कदापि ठेवूं नये.

गाडी कांहीं महिने ठेवावयाची असल्यास शेवटच्या दिवशीं ती दहाबारा किलोमीटर फिरवून आणावी व इंजिन गरम असतांनाच जुनें तेल सोडावें. वापरलेल्या तेलांत ओल व आम्लता असते. तें आंत ठेवणें म्हणजे गंजाला घरांत घेणें होय. ताजें तेल भरून थोडें चालवावें, म्हणजे तें सर्वत्र पोंचतें. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधील पेट्रोल जळून जाऊं द्यावें. इंजिन निवल्यावर प्लग काढून दोन चहाचे चमचे स्वच्छ तेल सिलिंडरांत घालावें, चावी बंद ठेवून किक चारपांच वेळां हळूं फिरवावी व प्लग बसवावा. शेवटीं किकेला दाब लागेल तेथें थांबावें. त्या जागीं दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात व बाहेरची दमट हवा आंत शिरत नाहीं. सायलेन्सरचें तोंड फडक्यानें बंद करावें, नाहींतर उंदीर घर करतात. बॅटरी काढून महिन्यांतून एकदां चार्ज करावी.

पेट्रोलविषयीं सावध असावें. आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें आपल्याच उसापासून व धान्यापासून होतें याचा संतोष आहे. परंतु तें हवेंतील ओल शोषतें, आणि जुन्या गाड्यांचीं रबरें त्यानें फुगतात. दोनतीन महिन्यांसाठीं टाकी कांठोकांठ भरून ठेवावी. त्याहून अधिक काळ असल्यास ती रिकामी करून आंतून तेलाचा हात फिरवावा.

जागाही विचारपूर्वक निवडावी. रासायनिक खतांचीं पोतीं ओल धरतात व त्यांचे क्षार लोखंड खातात. मोरचूद तर लोखंडाचा वैरीच. गोठ्यांतील गोमूत्राच्या उग्र वाफेनें कार्बोरेटरचे पितळी भाग खराब होतात. आमची खोली गोठ्याला लागून होती, हीही आमची चूकच होती.

गाडी पुन्हां काढतांना आधीं फडकें काढावें, प्लग काढून चावी बंदच ठेवून दहापंधरा वेळां किक फिरवावी, तेलाची पातळी व रंग पहावा, आणि मगच सुरू करावी. तेल पांढुरकें दिसल्यास तें बदलल्यावांचून किक मारूं नये.

सारांश, गाडी काढावयाची तर पुरती तापेपर्यंत चालवावी. तितका वेळ नसेल तर तिला स्वस्थ उभी राहूं द्यावी. दर रविवारीं पांच मिनिटें चालविण्याचा मोह आमच्या वाचकांपैकीं एकानें जरी सोडला, तरी आमचा कांतलेला सिलिंडर फुकट गेला नाहीं असें आम्ही समजूं.