आठ किलोंसाठी दुसरे ऑपरेशन

वजन कमी करण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर एकदा ऑपरेशन झाल्यानंतर त्याच भागावर पुन्हा केलेल्या ऑपरेशनाला फेरशस्त्रक्रिया म्हणतात. तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्या ऑपरेशनातून उद्भवलेली गुंतागुंत दूर करणे हा एक, एका पद्धतीचे दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करणे हा दुसरा आणि केलेली रचना पूर्ववत किंवा सौम्य करणे हा तिसरा. जगभर सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. काढलेला भाग परत बसवता येत नाही. त्यामुळे स्लीव्हनंतर रूपांतर करायचे झाल्यास आतड्याला हात घालावा लागतो आणि येथून प्रश्न अवघड होतो.

या लेखातील उदाहरण प्रस्तुत लेखिकेचे स्वतःचे आहे. पोलादपूर तालुक्यात राहणाऱ्या लेखिकेचे स्लीव्ह ऑपरेशन २०१६ मध्ये झाले, तर दुसरे जानेवारी २०२० मध्ये. त्या दुसऱ्याची गरज नव्हती, हे तिसरे करावे लागले तेव्हा स्पष्ट झाले.

कमी वजन म्हणजे किती

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, मिळतो. लेखिकेची उंची १५८ सेंटिमीटर. पहिल्या ऑपरेशनापूर्वी वजन १०४ किलो होते, म्हणजे बीएमआय ४१.७. दीड वर्षात वजन ७१ किलोवर आले (बीएमआय २८.४) आणि २०१९ च्या अखेरीस पुन्हा ७९ वर गेले (बीएमआय ३१.६).

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने १९९१ मध्ये ऑपरेशनासाठी ४० ही मर्यादा घातली होती. मधुमेहासारखा आजार जोडीला असल्यास ३५. अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय शस्त्रक्रिया संघटनांनी २०२२ मध्ये ती ३५ वर आणली आणि आशियाई लोकांत पोटाची चरबी व मधुमेह कमी वजनावरच दिसतो म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासून विचार करावा, असे सांगितले. मात्र हे आकडे मुख्यतः पहिले ऑपरेशन डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले आहेत. बीएमआय २७.५ च्या वर आहे, एवढ्यावरून दुसऱ्या ऑपरेशनाची गरज सिद्ध होत नाही.

मेडिक्लेमचे गणित आणखी वेगळे आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार स्थूलत्वावरील ऑपरेशनाचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय किमान ४० हवा. हृदयविकार, गंभीर स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांसारखा आजार असल्यास ३५ चालतो. ३१.६ या आकड्यावर लेखिकेचा दावा नामंजूर झाला. तो मंजूर होईल असे आधी तोंडी सांगण्यात आले होते. पैसे अखेर पतपेढीत सोने तारण ठेवून उभे करावे लागले. कमी वजनाच्या रुग्णाने विमा कंपनीची मंजुरी लेखी हातात आल्याशिवाय तारीख ठरवू नये.

वजन परत का येते

ऑपरेशनानंतरचे सर्वांत कमी वजन कायम टिकत नाही. त्यातले थोडे परत येणे हा शरीराचा स्वभाव आहे. लेखिकेने ३३ किलो गमावले आणि त्यातले आठ परत आले. पंचवीस किलोंचा फायदा शाबूत होता. पण गणपतीला मुंबईहून आलेल्या नातेवाइकांना हे आठ किलो तेवढे दिसले. पोट कापून घेतले तरी फुगलीच, हे शब्द कानावर आले आणि निर्णयाची सुरुवात तिथून झाली. निर्णय नेमका कोणत्या दिवशी आणि कोणत्या कारणाने मनात आला, हे रुग्णाने आधी स्वतःशी तपासावे.

वजन वाढण्याची वैद्यकीय कारणेही असतात. जठराची नळी ताणून मोठी होणे, वरचा भाग अपुरा कापला जाणे, थायरॉइड मंदावणे, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा काही मानसिक आजारांवरील औषधे, रजोनिवृत्ती आणि अपुरी झोप ही त्यांतली प्रमुख. याखेरीज आहाराचे एक कारण स्लीव्हच्या रुग्णांत हमखास सापडते. नळीसारखे जठर भाकरी, मटण, उसळ यांना अडवते; पातळ आणि विरघळणारे गोड पदार्थ त्यातून सरळ खाली उतरतात. लेखिकेने पुढे आठ दिवस खाण्याची वही ठेवली. त्यात रोज पाच कप चहा निघाला, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि दोन वेळा चहात बुडवलेली खारी. नुसती साखरच सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. जेवण मात्र अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी इतकेच होते, त्यामुळे आपण काही खातच नाही, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. ही वही दुसऱ्या ऑपरेशनाआधी ठेवली असती, तर पुढचा खर्च आणि त्रास टळण्याची शक्यता मोठी होती.

तक्रारीसाठी की वजनासाठी

कमी वजनावरच्या फेरशस्त्रक्रियेत हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. स्लीव्हनंतर काहींना पित्त घशाशी येते, रात्री आडवे झाले की आंबट पाणी वर येऊन ठसका लागतो. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या स्लीव्हपास या अभ्यासात दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या ३१ टक्के, तर अन्नाची वाट वळवणाऱ्या बायपास ऑपरेशनाच्या ७ टक्के रुग्णांत आढळला. गोळ्यांनी न थांबणाऱ्या अशा पित्तासाठी स्लीव्हचे रू-एन-वाय बायपासमध्ये रूपांतर करतात आणि तिथे वजन किती हा मुद्दा गौण ठरतो. नळी मधेच अरुंद होणे किंवा पीळ पडणे, सतत उलट्या होणे, जठराभोवती बसवलेला जुना पट्टा, म्हणजे गॅस्ट्रिक बँड, सरकणे, ही कारणेही तशीच. सडपातळ रुग्णालाही त्यासाठी ऑपरेशन लागू शकते.

याउलट कोणतीही तक्रार नाही, साखर आणि रक्तदाब ठीक आहेत, फक्त काटा वर सरकला आहे, अशा रुग्णात ऑपरेशनातून मिळण्यासारखे थोडे असते. लेखिका या दुसऱ्या गटातली होती.

दुसऱ्या ऑपरेशनाचा हिशेब

पहिल्या ऑपरेशनानंतर पोटात अवयव एकमेकांना चिकटतात आणि जठराचा रक्तपुरवठा बदललेला असतो. जुन्या टाक्यांच्या रेषेवर नवा स्टेपल मारावा लागतो. म्हणून गळती, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. वजनातली घट मात्र सहसा पहिल्या वेळेपेक्षा कमी असते.

आतडे वळवण्याच्या ऑपरेशनात आणखी एक गोष्ट मोजावी लागते. वन अॅनास्टोमोसिस, म्हणजे मिनी, बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा साधारण १५० ते २०० सेंटिमीटर भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. एखाद्याचे लहान आतडे ४ मीटर असते, एखाद्याचे ७. दोघांचे सारखेच दोन मीटर वगळले, तर पहिल्याकडे पोषण शोषायला फार थोडे उरते. म्हणून उरणारे आतडे मोजणे महत्त्वाचे. शिवाय १२० किलोंच्या रुग्णाजवळ चरबीचा मोठा साठा असतो. ७९ किलोंच्या रुग्णात घट लवकरच स्नायूंवर येते.

लेखिकेचा मिनी बायपास झाला. वर्षभरात वजन ५४ किलोंवर आले आणि गावात कौतुक झाले. त्याच सुमारास दिवसातून सहा-सात वेळा तेलकट जुलाब होऊ लागले, केस मूठमूठ गळू लागले आणि पाण्याचा हंडा कमरेवर घेणे जमेनासे झाले. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडे आणि तो बराच वेळ भरत नसे. हिमोग्लोबिन ७.२ आणि रक्तातील अल्ब्युमिन २.६ निघाले. काट्यावरचा आकडा खाली जात असताना शरीर उपाशी होते. रुग्णालयात शिरेवाटे पोषण आणि लोह द्यावे लागले. २०२२ मध्ये वगळलेल्या आतड्याची लांबी कमी करणारे तिसरे ऑपरेशन झाले. त्यानंतर वजन ६६ किलोंवर स्थिरावले.

निर्णयाआधीच्या तपासण्या

पहिल्या ऑपरेशनाचे कागद हा पाया आहे. डिस्चार्ज कार्डावर फक्त ऑपरेशनाचे नाव असते. कोणत्या मापाच्या नळीवर जठर शिवले, हायटस हर्निया होता का, हे ऑपरेशन नोट्समध्ये सापडते आणि त्या मागून घ्याव्या लागतात. त्यानंतर दुर्बिणीतून अन्ननलिका व जठराची तपासणी आणि बेरियम पिऊन एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, यांतून नळीचा आकार कळतो. पित्ताची तक्रार संदिग्ध असेल तर चोवीस तासांची आम्लमापन चाचणी करतात. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी १२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन, थायरॉइड आणि एचबीए१सी पाहतात. आधीच कमतरता असलेल्या शरीरावर शोषण घटवणारे ऑपरेशन करणे धोक्याचे असते.

आहारतज्ज्ञाकडे काही महिने नोंदीसह प्रयत्न आणि खाण्यामागच्या ताणाबद्दल समुपदेशन, हा तपासणीचाच भाग होय. लेखिकेच्या बाबतीत दुर्बीण तपासणी झाली नाही, जुन्या नोट्स कोणी मागितल्या नाहीत आणि पहिल्याच भेटीत तारीख ठरली. एवढ्या घाईने तारीख मिळाली, तर दुसऱ्या केंद्रातील तज्ज्ञाचे मत घ्यावे.

औषधांचा पर्याय

२०२० मध्ये उपलब्ध नसलेला एक मार्ग आता आहे. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. मोठ्या चाचण्यांत आठवड्यातून एकदा घेतलेल्या सेमाग्लुटाइडने वजन सरासरी १५ टक्के घटले. टिर्झेपेटाइडच्या वरच्या मात्रेने सुमारे २० टक्के. ७९ किलोंवर १५ टक्के म्हणजे जवळपास १२ किलो. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास होतात, खर्च दरमहा चालू राहतो आणि औषध थांबवल्यावर बरेचसे वजन परत येते. तरीही औषध थांबवता येते. कापलेल्या आतड्याची गोष्ट तशी नाही, म्हणून कमी वजनात औषधांचा विचार आधी करावा.

महाड-पोलादपुरातील अडचणी

फेरशस्त्रक्रियेची केंद्रे मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात आहेत. महाडहून मुंबई सुमारे १७० किलोमीटर. पुण्याकडे जाणारा वरंध घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतात. लेखिकेच्या दुसऱ्या ऑपरेशनानंतरच्या तपासण्या मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुटल्या. पायांवर सूज आली त्याच सुमारास, २२ जुलै २०२१ ला, महाड सावित्री नदीच्या पुरात बुडाले. बाजारपेठेतील औषधांची दुकाने चिखलाने भरली आणि आंबेनळी घाट खचून बंद झाला. नवी मुंबईला पोहोचण्यात तीन आठवडे गेले.

बायपासनंतर अंतराला जीवघेणा अर्थ येतो. वजन घटल्यावर आतड्याभोवतीची चरबी कमी होते, आतल्या फटी रुंदावतात आणि त्यांत आतडे अडकू शकते. जेवणानंतर अचानक पिळवटणारी कळ येते. सोनोग्राफी अनेकदा स्वच्छ निघते. निदानासाठी सीटी स्कॅन लागतो आणि उशीर झाल्यास आतडे सडते. अशा रुग्णाला पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवू नये. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन लावण्यापूर्वी थायमिन, म्हणजे बी १ जीवनसत्त्व, द्यावे. नाहीतर दुहेरी दिसणे आणि तोल जाणे यांपासून मेंदूला कायमची इजा होण्यापर्यंत मजल जाते. या दोन सूचना ऑपरेशनाच्या नावासह एका कागदावर लिहून गावातल्या डॉक्टरांना द्याव्यात आणि एक प्रत पाकिटात ठेवावी.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या बायपासच्या जोडावर अल्सर करतात. मशेरी, तंबाखू आणि विडीचा धोकाही तोच. मशेरी सुटत नसेल, तर बायपास पुढे ढकलावा.

निर्णय झाल्यावर

ऑपरेशन ठरलेच, तर ते गणपतीनंतर फाल्गुनापर्यंत करावे, म्हणजे पहिले महिने पावसाळ्यात सापडत नाहीत. मूल हवे असल्यास पुढचे बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. लोह, बी १२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये.

रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. महागड्या पावडरीखेरीज त्यांचा काही भाग घरच्या स्वयंपाकातून भरून निघतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात आणि १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२. वालाचे बिरडे, सुकट, ओली मासळी यांतूनही ती मिळतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर असले तरी प्रथिने कमी, म्हणून नुसत्या आंबिलीवर राहू नये. ताटातला प्रथिनांचा पदार्थ आधी आणि भात शेवटी, असा क्रम ठेवावा.

रक्ततपासणी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून किमान एकदा करावी. वजन अपेक्षेपेक्षा वेगाने उतरत असेल, दिवसाला चारपेक्षा जास्त पातळ शौचास होत असेल किंवा पायांवर सूज दिसली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता केंद्र गाठावे. काट्याबरोबर हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन या दोन आकड्यांची वही ठेवावी. वजन उतरत असताना हे दोन्ही जागेवर राहिले, तरच घट चरबीची आहे असे समजावे.