गाठीचा रिपोर्ट वाचताना

शारजा, १० ऑक्टोबर २०२५



सिस्ट म्हणजे स्वतःचे अस्तर असलेली बंद पिशवी. तिच्यात पाणी, घट्ट स्राव, जुने रक्त किंवा त्वचेच्या मृत पेशींचा लगदा साठतो आणि ती फुगते. ट्यूमरमध्ये मात्र पेशीच वाढत जातात. शरीराला गरज नसतानाही त्यांचे विभाजन थांबत नाही आणि बहुधा भरीव गोळा तयार होतो. हा गोळा साधा असेल तर शेजारच्या भागांना नुसते ढकलतो. कर्करोगाचा असेल तर त्या भागांत घुसतो, रक्तातून किंवा लसीकावाहिन्यांतून दूरच्या अवयवांपर्यंतही जातो.

सिस्ट म्हणजे निर्धोक आणि ट्यूमर म्हणजे कर्करोग, हा घरोघरी चालणारा हिशेब त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुकतो. दंडावर कातडीखाली सरकणारी चरबीची मऊ गाठ हा ट्यूमरच असतो आणि माणसे ती घेऊन जन्मभर सुखाने जगतात. उलट अंडाशयातली एखादी पाण्याची गाठ आतून कर्करोगाची असू शकते. गाठीचा निवाडा नावावर होत नाही. भिंत कशी आहे, आत काय आहे आणि काळानुसार बदल काय होतो, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

भिंत आणि आतला ऐवज सोनोग्राफीत सर्वांत सहज दिसतो. स्वच्छ पाण्याने भरलेली साधी सिस्ट पडद्यावर पूर्ण काळी दिसते, कड पातळ आणि गुळगुळीत असते, पाण्यातून ध्वनिलहरी सहज पार होत असल्याने मागचा भाग अधिक उजळ दिसतो. तिन्ही खुणा असल्या की प्रश्न जवळजवळ मिटतो. भिंत जाड असेल, आत पडदे असतील, भिंतीवरून आत डोकावणारा भरीव कोंब असेल आणि डॉपलरमध्ये त्या कोंबात रक्तप्रवाह दिसत असेल, तर ती साधी सिस्ट राहत नाही. रिपोर्टमध्ये ‘कॉम्प्लिकेटेड’ आणि ‘कॉम्प्लेक्स’ हे दोन शब्द कानाला सारखे वाटतात, पण स्तनाच्या रिपोर्टमध्ये त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात फक्त आतले पाणी गढूळ असते, दुसऱ्यात भरीव भाग असतो आणि तिथे बहुधा बायोप्सी करावीच लागते.

स्तनाच्या रिपोर्टखाली बायरॅड्स नावाचा आकडा असतो. आधी तो पाहावा. साध्या सिस्टला २ मिळतात, म्हणजे काळजीचे कारण नाही. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत, म्हणून बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. ४ आणि ५ ला बायोप्सी टाळू नये. ४ या वर्गाचा पल्ला फार मोठा आहे, दोन टक्क्यांपासून पंचाण्णवपर्यंत. तो आकडा पाहून रात्रभर रडत बसण्यात अर्थ नाही आणि तो विसरण्यातही नाही. तरुण मुलींच्या स्तनात हाताखालून निसटणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअॅडेनोमा निघते. ती भरीव असते, साधी असते.

सर्वांत जास्त गोंधळ अंडाशयाच्या बाबतीत होतो. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला एक बीजकोष सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो आणि फुटतो. तो कधी फुटला नाही की सिस्ट दिसते. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान साधी सिस्ट बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते, तिच्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करणे चुकीचे आहे. पीसीओएसमध्ये दिसणाऱ्या बारीक गाठी तर अर्धवट वाढलेले बीजकोषच असतात, त्या काढायच्या नसतात. चॉकलेट सिस्टमध्ये एंडोमेट्रिओसिसचे जुने रक्त असते. डर्मॉइडला सगळे सिस्ट म्हणतात, पण तो साधा ट्यूमर आहे आणि त्यात केस, चरबी, दातसुद्धा सापडतात. पाळी गेल्यानंतर मात्र दर महिन्याचा बीजकोष उरलेला नसतो, म्हणून त्या वयात नव्याने दिसलेली गाठ अधिक बारकाईने तपासावी.

सीए-१२५ या रक्तचाचणीचा आकडा ३५ च्या वर गेला की घरात रडारड सुरू होते. हा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये, पोटाच्या क्षयात, इतकेच काय, पाळीच्या दिवसांतही वाढतो. एकट्या त्या आकड्यावरून कर्करोग ठरत नाही. आणि सिस्ट साधी असली तरी एक धोका उरतोच: मोठ्या गाठीमुळे अंडाशयाला पीळ पडू शकतो. पोटाच्या एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सी गाठावी.

‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती मराठी घरांत खोल रुजलेली आहे आणि तिने अनेकींचे मोलाचे महिने खाल्ले आहेत. स्तनाच्या गाठीत सुईची बायोप्सी हाच निदानाचा योग्य रस्ता आहे. काही ठिकाणी मात्र सुई खरोखरच टाळतात, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. अंडाशयात कर्करोगाची शंका असेल तर गाठ न फोडता सबंध काढतात, कारण आतला द्रव पोटात सांडला तर रोगाची अवस्था एक पायरी पुढे सरकते. दुसरी जागा म्हणजे यकृतातली हायडॅटिड सिस्ट. कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की ती होते. मेंढपाळीच्या प्रदेशांत, पश्चिम आशियात आणि महाराष्ट्रातही, ती आढळते. बेसावधपणे टोचल्यास जीवघेणी अॅलर्जी येऊ शकते. मानेवरची, मध्ये काळा ठिपका असलेली गाठ घरी पिळणेही वाईटच. पू होतो आणि पिशवी आत राहिल्याने गाठ परत येते.

शारजातल्या मराठी घरांचा खरा शत्रू म्हणजे ‘सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू’ हे वाक्य. शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये येते, म्हणजे सप्टेंबरात लागलेली गाठ दहा महिने तशीच राहते. याला कारण नाही. शेखा जवाहेर बिंत मोहम्मद अल कासिमी यांनी १९९९ साली स्थापन केलेली फ्रेंड्स ऑफ कॅन्सर पेशंट्स ही संस्था याच शहरात आहे. तिचा पिंक कॅरव्हान हा उपक्रम २०११ पासून घोडेस्वारांच्या जथ्यासह सातही अमिरातींत फिरून स्तनांची मोफत तपासणी करतो आणि तपासणीला येणाऱ्यांना मूळ देश विचारला जात नाही. १ जानेवारी २०२५ पासून शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींत खासगी नोकरदारांना आरोग्यविमा सक्तीचा झाला आहे. बायकामुलांचे नाव पॉलिसीत आहे की नाही, हे मात्र गाठ लागण्याआधीच पाहून ठेवावे.

हाताने केलेल्या तपासणीचे मोल मुंबईने जगाला दाखवले. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर चालवलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तन तपासत होत्या. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले: पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. यात मॅमोग्राफीचे यंत्र नव्हते, जाणते हात होते. कठीण, जागची न हलणारी, काही आठवड्यांत वाढणारी गाठ, आत ओढलेली त्वचा किंवा स्तनाग्र, बोंडातून रक्त, काखेत दुसरी गाठ: यांतले काहीही दिसले की त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

उपचार भारतात घ्यायचे ठरले तरी निदान इथेच करून निघावे. सोबत सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या मूळ प्रतिमा, बायोप्सीचा रिपोर्ट, काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक न्यावेत. मोठ्या कर्करोग रुग्णालयात स्लाइड पुन्हा तपासतात आणि नुसता कागद पुरत नाही. ब्लॉक लॅबमध्ये जपलेले असतात. ते लेखी अर्ज करून मागावेत, आणि विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी हातात आहेत याची खात्री करावी.

— अण्णामामा