पदवीनंतरचे आर्थिक स्वातंत्र्य : एक हिशेब

पदवी हाती पडली की पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडत आला आहे. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक पिढी आपापल्या शब्दांत देते. आमच्या आजोबांच्या काळी 'पोटापाण्याची सोय झाली' असे म्हणत. वडिलांच्या काळी 'पोरगा नोकरीत कायम झाला' असे म्हणत. आजचा पदवीधर 'मला आर्थिक स्वातंत्र्य हवे' असे म्हणतो, आणि त्याला लागूनच 'मनासारखे काम हवे' असेही म्हणतो. शाळा सोडून गेलेले विद्यार्थी भेटीस येतात तेव्हा हे दोन शब्द आमच्या कानी इतक्या वेळा पडतात, की त्यांचा अर्थ नीट तपासून पाहणे हे आम्ही शिक्षकाचे कर्तव्यच समजतो. शिष्यवृत्ती देणाऱ्या आपल्या न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेत हा विषय अस्थानी होणार नाही. मुलगा शिकला म्हणजे न्यासाचे काम संपले असे नाही; शिकून तो कोठे उभा राहतो हेही पाहिले पाहिजे.

शब्दाचे दोन अर्थ

आर्थिक स्वातंत्र्य या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. पहिला अर्थ असा की, कामच करावे लागू नये इतका पैसा गाठीस असणे. दुसरा अर्थ असा की, न पटणाऱ्या गोष्टीस 'नाही' म्हणता यावे इतका पैसा गाठीस असणे. आजचे तरुण बोलतात ते बहुधा पहिल्या अर्थाने. आमच्या मते त्यांना खरी गरज आहे ती दुसऱ्याची, आणि मनासारखे काम मिळण्याचा मार्गही त्या दुसऱ्यातूनच जातो. हे केवळ मत म्हणून न सांगता हिशेबाने पाहू.

पहिल्या अर्थाचे गणित

मोबाइलवर व्याख्याने ऐकणाऱ्या मुलांना एक सूत्र तोंडपाठ असते : वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की माणूस मोकळा झाला. या सूत्राचे मूळ अमेरिकेत आहे. विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तेथील शेअर व रोखे यांच्या जुन्या आकड्यांवरून असे दाखविले की, निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी जमेच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवीत नेली, तर ती पुंजी किमान ३० वर्षे पुरते. हे आकडे अमेरिकेचे आहेत, आणि ही ३० वर्षे म्हातारपणाची आहेत, हे विसरून चालणार नाही. चाळिसाव्या वर्षी काम सोडू पाहणाऱ्यास पुढची ४०-४५ वर्षे काढावयाची असतात.

तरीही तेच सूत्र घेऊन पाहू. समजा, बावीस वर्षांच्या तरुणाचा खर्च दरमहा २०,००० रुपये आहे. वर्षाचे झाले २,४०,०००. त्याच्या २५ पट म्हणजे ६० लाख. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर १८ वर्षांनी, तो चाळीस वर्षांचा होईल तेव्हा, तेवढ्याच राहणीसाठी सुमारे १ कोटी ७१ लाख लागतील. आता तो दरमहा ५,००० रुपये नेमाने बाजूस टाकतो आणि त्यावर दरसाल ८ टक्के वाढ मिळते असे धरा. १८ वर्षांनी त्याच्याजवळ सुमारे २४ लाख जमतील. पगार वाढेल, बचतही वाढेल, हे खरे. परंतु १ कोटी ७१ लाख आणि २४ लाख यांतील अंतर डोळ्यांआड करता येत नाही. सामान्य पदवीधराला हे स्वप्न दाखवून त्याच्या आजच्या दिवसांचा आनंद हिरावून घेणे आम्हांस योग्य वाटत नाही.

दुसऱ्या अर्थाचे गणित

आता दुसरा अर्थ घ्या. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असणे, हे त्याचे साधे माप. आपल्या उदाहरणातील तरुणाला त्यासाठी १,२०,००० रुपये लागतील. दरमहा ५,००० प्रमाणे ही रक्कम २४ महिन्यांत, व्याज न धरताही, पुरी होते. एवढ्या रकमेने काय साधते? अपमान करणाऱ्या मालकाला राजीनामा देता येतो. दूरच्या गावी मुलाखतीस जाता येते. राहिलेली परीक्षा देण्यासाठी चार महिने घरी बसता येते. नोकरी गेली तर पहिली येईल ती पकडावी लागत नाही. मनासारखे काम निवडण्याची शक्ती ती हीच. ज्या घरांत व्याज घेणे-देणे वर्ज्य मानतात, तेथेही हा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो, कारण तो व्याजावर उभा नाही.

या रकमेचे दोन शत्रू आहेत. पहिला, शिक्षणाचे कर्ज डोळे मिटून घेणे. बहुतेक योजनांत हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, म्हणून मुलांना वाटते की तोवर काही चढत नाही. व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून चढत असते. पहिल्या वर्षी १ लाख रुपये १० टक्क्यांनी उचलले, तर तीन वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची सवलत मिळून साध्या व्याजाने ४०,००० रुपये चढतात. शिकत असताना जमेल तेवढे व्याज भरीत गेले तर हा भार पुष्कळ हलका होतो. दुसरा शत्रू क्रेडिट कार्डाची थकबाकी. अनेक कार्डांवर ती दरमहा ३ टक्के वा त्याहून अधिक दराने वाढते. ७२ ला वार्षिक दराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते याचा अंदाज मिळतो. ३६ टक्क्यांनी भागून पाहा : थकबाकी दोन वर्षांत दुप्पट!

बडोद्याचा एक विद्यार्थी

हा दुसरा अर्थ आम्ही पुस्तकी म्हणून सांगत नाही. त्याचे एक थोर उदाहरण आपल्या बडोद्याशीच निगडित आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा करार होता. १९१५ साली ते तेथे एम. ए. झाले, पुढे लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेव्हा आपल्या या शहराने त्यांना काय दिले? जातीमुळे राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही बाहेर काढण्यात आले. शेवटी त्यांना बडोदे सोडावे लागले. परदेशची पदवी होती, सरकारी नोकरी होती. स्वातंत्र्य मात्र नव्हते. हा दोष त्यांच्या हिशेबाचा नव्हता, समाजाचा होता. पैशाने सर्वच बंधने तुटत नाहीत, हे हिशेब शिकविणाऱ्यानेही सांगितले पाहिजे.

पुढे त्यांनी काय केले ते पाहा. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, त्या काळी फार मोठा. तरीही ते परळच्या चाळीतच राहिले आणि पैसा बाजूस टाकीत गेले. मार्च १९२० मध्ये ती नोकरी संपली. ही शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्यावर त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. आणि त्याच सुमारास बॅरिस्टरी, असा अर्धवट राहिलेला अभ्यास त्यांनी पुरा केला. त्यांच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचा विषयही पैशाचाच होता : रुपयाचा प्रश्न.

येथे लक्षात घेण्यासारखे असे की, सुमारे दीड वर्षाच्या पगारातून त्यांनी आयुष्यभर पुरेल एवढी रक्कम साठविली नाही. पुढचे एक पाऊल टाकता येईल एवढीच साठविली. त्या बचतीला मित्राचा विश्वास आणि आश्रयदात्याचा हात यांची जोड मिळाली. एकट्याच्या बळावर मोकळे होण्याची भाषा आज फार ऐकू येते. आंबेडकरांसारख्या कर्तबगार पुरुषालाही इतरांचा हात घ्यावा लागला, आणि त्यात त्यांना कमीपणा आला नाही.

धाडस आणि जुगार

बचत करणारा तरुण लवकरच विचारतो, 'एवढ्याने काय होणार? थोडे धाडस करू नये काय?' जरूर करावे. परंतु धाडस कशास म्हणावे, याचेही उदाहरण येथलेच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन काढले. तेथे शिकलेल्यांत दादासाहेब फाळके होते. चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक कला शिकून, धंद्याचे चढउतार सोसून, चाळिशीत ते चलच्चित्रांकडे वळले. त्यासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, हे सर्वांस ठाऊक असते. पण भांडवल मागण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट तयार करून लोकांना दाखविला, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. आधी कसब, मग लहान प्रयोग, मग मोठी उडी, असा तो क्रम होता. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तो या क्रमाने.

याच्या उलट चित्र सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील वायदे व ऑप्शन यांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांत तीस वर्षांखालील तरुणांचा वाटा २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होता, तो पुढील वर्षी ४३ टक्के झाला. तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत सांगितले होते. ही आमचीच मुले आहेत. त्यांनी कसब मिळविले नाही, लहान प्रयोग केला नाही. उडी तेवढी घेतली. शेअर घेऊन एखाद्या धंद्यात वर्षानुवर्षे भागीदार राहणे वेगळे, आणि आठवड्याच्या भावावर पैज लावणे वेगळे, एवढा विवेक पदवीधराजवळ असावयास हवा.

घर आणि आपण

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा पहिला पगार त्यांचा नसतोच. वडिलांचे औषधपाणी, धाकट्या बहिणीची फी, घराचे भाडे, यांत तो जातो. मोबाइलवरच्या व्याख्यानांत या मुलांना जागा नाही, म्हणून ती स्वतःला मागे पडलेली समजतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, घर सावरणे हीदेखील मिळकतच आहे. फक्त दोन पथ्ये पाळावी. घरी द्यावयाची रक्कम बोलून ठरवावी. आणि आपल्या नावावर, ५०० रुपये का होईनात, दरमहा वेगळे पडावे. मुलींच्या बाबतीत तर आमचा आग्रह आहे की, खाते त्यांच्या नावाचे असावे आणि व्यवहारही त्यांनीच करावा. मिळवती असून भावाकडे किंवा नवऱ्याकडे बसभाड्याचे पैसे मागावे लागणे, याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

आणि समाधान? ते शिल्लकेच्या आकड्यावरून मोजता येत नाही. आमच्याकडे वर्षभर राहिलेल्या निसाबावरील पुंजीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून काढतात. इतर घरांत दानधर्माचे नेम वेगळे असतील. हेतू एकच, की आपल्या मिळकतीत दुसऱ्याचा वाटा आहे ही जाणीव राहावी. आपला न्यास अशाच वाट्यांवर उभा राहिला आणि टिकला. येथून शिष्यवृत्ती घेतलेला विद्यार्थी जेव्हा एखाद्या नव्या मुलाची वर्षाची वह्यापुस्तके आपल्याकडे घेतो, तेव्हा त्याला आपले काम कोणाच्या तरी उपयोगी पडल्याचे समाधान मिळते.

स्वाध्याय

१. गेल्या महिन्याचा आपला खर्च कागदावर मांडा. त्याची सहापट करा. ही रक्कम जमवावयास किती महिने लागतील?

२. आपल्यावरील प्रत्येक कर्जाचा दर शोधा. ७२ ला त्याने भागा. ज्याचे उत्तर सर्वांत लहान येईल ते कर्ज प्रथम फेडा.

३. जे काम मनापासून करावेसे वाटते, त्याचा वाटाण्याच्या रोपाएवढा लहान प्रयोग कोणता? तो या वर्षी, नोकरी न सोडता, कसा करता येईल?

४. आपल्या शिक्षणास कोणाकोणाचा हात लागला, त्यांची नावे लिहा. त्यांपैकी एकाला यंदा पत्र लिहा.